द्राक्षबागेतला ब्लोअर आणि ट्रॅक्टर: दुरुस्त करायचा, पार्ट आधीच बदलायचा की यंत्रच बदलायचं?

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर या पट्ट्यातले द्राक्ष बागायतदार यंत्रांबद्दल सतत विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर ब्लोअरवर (पंख्याच्या हवेने औषध फवारणारं यंत्र) आणि तो ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर आहे, कारण गोडी (ऑक्टोबर) छाटणीनंतरचे दोन महिने सगळी बाग या जोडीच्या भरवशावर उभी असते. हिशेबांत धरलेले रुपये उदाहरणापुरते आहेत. त्या जागी स्वतःच्या वहीतले आकडे घाला, रीत तीच राहील.

बिघाडाचा खर्च म्हणजे नेमका कशाकशाचा खर्च?

बहुतेक जण गॅरेजच्या बिलालाच बिघाडाचा खर्च म्हणतात. खरं तर ते बिल एकूण खर्चाचा लहानसा भाग असतं. हिशेब चार ठिकाणी करावा लागतो.

पहिला भाग दुरुस्तीचा: पार्ट, मिस्त्रीची मजुरी, पिंपळगाव किंवा नाशिकपर्यंतच्या फेऱ्या, शिवाय घाईत दुकानात असेल तो पार्ट सांगतील त्या भावाने घ्यावा लागतो तो फरक. दुसरा भाग थांबलेल्या कामाचा. टाकीत कालवलेलं औषध दुसऱ्या दिवशी भरवशाचं राहत नाही, म्हणजे सहाशे लिटरच्या टाकीतलं औषध आणि बसून राहिलेल्या माणसांचा रोज दोन्ही गेलं. तिसरा, पर्यायी ब्लोअरचं भाडं. चौथा भाग बागेच्या नुकसानीचा: वेळेत न झालेल्या फवारणीमुळे डाऊनी (केवडा रोग) घडावर गेला, तर होणारी घट.

चौथा भाग दर वेळी होत नाही, त्यामुळे तो हिशेबात धरायचं राहून जातं. पण यंत्र ठेवायचं की बदलायचं हे ठरतं त्याच्यावरच.

पट्टा एप्रिलमध्ये तुटला काय आणि नोव्हेंबरमध्ये तुटला काय, खर्च तोच ना?

पट्ट्याची किंमत तीच, बिघाडाची नाही. खरड छाटणीनंतर एप्रिल-मे महिन्यात फवारणी दोन दिवस पुढे गेली तर सहसा फार बिघडत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर तीन-चार पानांपासून मणी सेटिंगपर्यंतचा काळ वेगळा आहे. त्यात अवकाळी पाऊस झाला की चिखलामुळे ट्रॅक्टर आधीच उशिरा बागेत जातो. पान ओलं, वातावरण ढगाळ, वारा पडला की फवारायला मिळतात ते मोजके तास. त्याच तासांत ब्लोअर उभा राहिला तर रोगाला मोकळं रान मिळतं.

जिब्रेलिक ॲसिड या संजीवकाच्या फवारणीचंही असंच आहे. ती घडाच्या अवस्थेवर चालते. दिवस चुकला की घडाची लांबी आणि मण्याची जाडी या दोन्हींत तो फरक शेवटपर्यंत दिसतो.

म्हणून एकाच यंत्राच्या देखभालीचे नियम वर्षभर सारखे ठेवू नयेत. पावसाळ्याच्या शेवटी खर्च करून पार्ट आधीच बदलावेत, उन्हाळ्यात तोच पार्ट तुटेपर्यंत चालवला तरी चालतं.

माझ्या बागेसाठी एका दिवसाच्या खोळंब्याची किंमत कशी काढायची?

समजा चार एकर बाग आहे आणि एकरी ३ लाखांचं उत्पन्न अपेक्षित आहे, म्हणजे १२ लाख. फुलोऱ्याच्या आसपास पावसानंतर फवारणी एक-दीड दिवस लांबली, तर नुकसान होण्याची शक्यता चारात एक आणि झालंच तर १० टक्के माल जाईल, असं धरा. १२ लाखांचे १० टक्के १,२०,००० आणि त्याचा चौथा हिस्सा ३०,००० रुपये. त्यात पर्यायी ब्लोअरचं भाडं ३,०००, वाया गेलेलं औषध आणि मजुरी ४,००० आणि घाईच्या दुरुस्तीचा जादा खर्च ३,००० मिळवले की ४०,००० रुपये होतात.

हाच बिघाड एप्रिलमध्ये झाला तर ३०,००० चा आकडा जवळपास शून्यावर येतो आणि औषध-भाड्याचाही बराचसा खर्च टळतो. तेव्हा चार हजार धरले तरी पुरे.

शक्यतेचा आकडा अचूक काढता येत नाही, त्याची गरजही नाही. चारात एकच्या जागी आठात एक धरून हिशेब पुन्हा करा. निर्णय तोच राहिला तर बिनधास्त पुढे जा. बदलला, तर मात्र त्या आकड्यावर शांतपणे विचार करायला हवा.

कोणते पार्ट तुटायच्या आधी बदलावेत आणि कोणते तुटेपर्यंत चालवावेत?

दोन गोष्टी एकत्र असतील तरच आधी बदलण्यात फायदा आहे. पार्ट वापराने झिजत जाणारा हवा, म्हणजे जितका जुना तितकी तुटण्याची शक्यता जास्त. आणि तो अवेळी तुटण्याचा खर्च ठरवून बदलण्याच्या खर्चापेक्षा बराच मोठा हवा.

डायफ्राम (पंपातला रबरी पडदा), व्ही-पॅकिंग (पिस्टनभोवतीचं सील), पट्टे, पीटीओ शाफ्टचे (ट्रॅक्टरची ताकद ब्लोअरला देणाऱ्या दांड्याचे) क्रॉस म्हणजे सांधे, पंख्याचे बेअरिंग, ऑइल सील आणि रबरी होज या गटात बसतात. समजा डायफ्रामचा संच मजुरीसह २,५०० रुपयांना पडतो आणि जुना तसाच ठेवला तर हंगामात फाटण्याची शक्यता १५ टक्के आहे. ४०,००० चे १५ टक्के ६,००० होतात. म्हणजे जुन्या डायफ्राममध्ये अजून जीव असला तरी तो काढून टाकणंच स्वस्त. उन्हाळ्यात हाच हिशेब ४,००० च्या १५ टक्क्यांवर, म्हणजे ६०० रुपयांवर येतो. तेव्हा अडीच हजारांचा खर्च कशाला?

फ्यूज, बल्ब, स्विच, सेन्सर यांचं वागणं निराळं असतं. ते वयाप्रमाणे झिजून नव्हे तर अचानक जातात, त्यामुळे चालू असलेला काढून नवा बसवल्याने धोका कमी होत नाही. अशा वस्तूंसाठी घरात एक जादा ठेवणं हाच उपाय. गिअरबॉक्ससारख्या महागड्या वस्तूलाही वयावरून हात लावू नये. तेलाचा रंग, आवाज, तापमान, गळती पाहून ठरवावं.

हंगामाआधीचं काम नेमकं कधी काढावं?

छाटणीच्या तीन-चार आठवडे आधी. आदल्या दिवशी अजिबात नको. उघडून जोडलेल्या यंत्रात पहिल्या काही तासांतच चुका बाहेर पडतात: सील तिरकं बसलेलं, बोल्ट अर्धवट आवळलेला, व्हॉल्व्ह उलटा लागलेला. असे बिघाड साध्या पाण्यावर व्हायला हवेत, औषधावर नाही. नव्या यंत्रालाही हेच लागू आहे. नवा ब्लोअर घ्यायचाच असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये घेऊन पाण्यावर किमान चार-पाच टाक्या चालवा.

क्रम साधारण असा ठेवा:

१. टाकी, गाळण्या आणि आतली ढवळणी धुऊन घ्या. तळाशी बसलेला गंधक आणि बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचा) थर खरवडून काढा. हा थर सुटून एचटीपीच्या (फवारणीच्या जास्त दाबाच्या पंपाच्या) व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

२. सक्शनचा होज दाबून पाहा. बारीक चीर पडलेली असेल तर तिथून पाणी गळत नाही, उलट हवा ओढली जाते. पंपाला दाब मिळत नाही आणि सगळे विनाकारण पंप उघडतात. आधी होज आणि क्लॅम्प बघा.

३. एचटीपीचं आणि गिअरबॉक्सचं तेल बदला. जुनं तेल स्वच्छ भांड्यात काढून उजेडात पाहा. त्यात धातूचा चुरा दिसला तर बेअरिंग किंवा दात झिजत आहेत.

४. पंखा हाताने फिरवा, अर्थात इंजिन बंद करून आणि किल्ली खिशात ठेवून. खरखर किंवा खेळ जाणवला तर बेअरिंग बदला. पाती तडकलेली असतील तर डागडुजी नको. एका पात्याचं वजन बदललं की पंखा थरथरतो आणि नवं बेअरिंगही टिकत नाही.

५. पट्टे संचातच बदला. एक नवा आणि दोन जुने घातले तर सगळा भार नव्यावर येतो.

६. ट्रॅक्टरच्या मीटरवर पीटीओ ५४० फेऱ्यांची खूण असते. तिथे इंजिन ठेवून अर्धा तास पाणी फवारा. दाबाचा काटा, गळती आणि आवाज तिन्ही पाहा. शेवटी बेअरिंगच्या घरावर हात ठेवून बघा, चटका बसून हात मागे घ्यावा लागला तर काम राहिलं आहे असं समजा.

एचटीपीचं तेल पांढरट दिसतंय. आजची फवारणी उरकून उद्या बघू का?

नको. ताबडतोब थांबा. डायफ्राम पंपात तेल दुधाळ होणं म्हणजे डायफ्राम फाटून औषधाचं पाणी तेलात शिरलं आहे. मोरचूद, गंधक आणि इतर औषधं मिसळलेलं ते पाणी क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगवर फिरत असतं. लगेच थांबलात तर काम डायफ्राम, तेल आणि आतल्या सफाईवर भागतं. तसाच चालवलात किंवा रात्रभर तसाच ठेवलात, तर बेअरिंगवर गंज चढतो आणि अडीच हजारांचं काम अख्ख्या पंपाच्या किमतीवर जातं.

उघडल्यावर आतला भाग डिझेलने धुऊन पुसून घ्या, मग नवं तेल भरा. एकच डायफ्राम फाटला असला तरी सगळे बदला, बाकीचे तितकेच तास चाललेले आहेत. आणि फाटला का, तेही शोधा. सहसा कारण सक्शन गाळणी तुंबल्याचं असतं, नाहीतर एअर चेंबरमधली (दाबाचे धक्के शोषणाऱ्या कुपीतली) हवा उतरलेली असते. दाबाचा काटा सतत थरथरत असेल तर एअर चेंबर तपासायची वेळ झाली आहे. कारण तसंच ठेवलं तर नवा डायफ्रामही लवकर जाईल.

पिस्टन प्रकारच्या एचटीपीत तेल दुधाळ होण्याआधी पॅकिंगमधून थेंब पडायला लागतात. थेंबांची धार होईपर्यंत वाट पाहू नये.

पीटीओ शाफ्टचा क्रॉस वारंवार तुटतो. चांगल्या कंपनीचा घालून फरक पडेल का?

थोडा पडेल, पण कारण बहुधा वेगळं असतं. ओळीच्या टोकाला पीटीओ चालू ठेवून तीव्र वळण घेतलं की शाफ्टला मोठा कोन येतो आणि क्रॉसवर ठोके बसतात. वळताना खडखड ऐकू आली तर तीच ती जागा. वळणाआधी पीटीओ बंद करायची सवय चालकाला लावा, नाहीतर मोठ्या कोनाचा शाफ्ट बसवा.

दुसरं कारण ग्रीस. क्रॉसला कामाच्या दर आठ तासांनी ग्रीस हवं. ग्रीस निप्पलवर औषधाचा थर चढून ते बंद होतं, ग्रीस गन मारली तरी आत जात नाही. जुनं ग्रीस चारही टोपणांतून बाहेर आलं तरच ते पोचलं असं धरा.

तिसरी चूक सगळ्यात महाग पडते. शिअर बोल्ट सारखा तुटतो म्हणून त्याजागी जास्त ताकदीचा बोल्ट घातला जातो. तो बोल्ट तुटावा म्हणूनच असतो. तो तुटला नाही तर गिअरबॉक्सचा दात किंवा ट्रॅक्टरचा पीटीओ तुटतो. कंपनीने दिलेल्या ग्रेडचेच दहा-बारा बोल्ट टूलबॉक्समध्ये ठेवा, आणि वारंवार तुटत असतील तर पंख्यात काय अडतंय ते पाहा.

शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाकलेलं फार ठिकाणी दिसतं. गमछा, ओढणी, सैल शर्टाची बाही त्यात अडकली तर माणूस वाचत नाही. कव्हर फुटलं असेल तर नवं येईपर्यंत शाफ्ट चालवू नका. यात रुपयांचा हिशेब करायचाच नाही.

नोझल झिजलंय हे कसं ओळखायचं? त्याचा बिघाडाशी काय संबंध?

नोझलची झीज हा न दिसणारा बिघाड आहे. यंत्र थांबत नाही, त्यामुळे कुणी लक्ष देत नाही.

एकरी २०० लिटर पाणी, ताशी ४ किलोमीटर वेग आणि ओळीतलं अंतर ९ फूट असेल, तर सगळ्या नोझलमधून मिळून मिनिटाला सुमारे ९ लिटर बाहेर पडायला हवेत. दहा नोझल असतील तर प्रत्येकी ९०० मिलिलिटर. पंखा बंद ठेवून नेहमीच्या दाबावर प्रत्येक नोझलखाली मापाचा जग धरा आणि एक मिनिट मोजा. ९९० च्या वर गेलं, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त आलं, तर चकती बदला. कमी आलं तर नोझल तुंबलंय, ते उघडून मऊ ब्रशने साफ करा. तारेने टोकरल्यास छिद्र मोठं होतं.

नोझल वीस टक्के झिजलेलं असेल तर तीन एकरांसाठी भरलेली ६०० लिटरची टाकी अडीच एकरांतच संपते. औषधाचा खर्च वाढतो, थेंब मोठे पडतात, पानाच्या खालच्या बाजूला ते पोचत नाहीत. डाऊनी तर खालच्या बाजूनेच सुरू होतो. निर्यातीच्या मालात पुढे औषधाच्या अवशेषांचीही अडचण येऊ शकते, कारण नियोजनापेक्षा जास्त मात्रा पडलेली असते. पाण्यात मिसळणारा गंधक आणि बोर्डो ही औषधं पितळी चकती झपाट्याने खातात. सिरॅमिक चकती महाग असली तरी इथल्या फवारणीला तीच परवडते.

घरात कोणते सुटे भाग ठेवावेत?

निकष एकच: तो पार्ट नसल्याने फवारणी थांबते का, आणि रविवारी संध्याकाळी तो मिळेल का? त्यावरून एका ब्लोअरसाठी हे पुरेसं होतं: डायफ्राम किंवा पॅकिंगचा एक संच, व्हॉल्व्हचा एक संच, एक क्रॉस, शिअर बोल्ट, पट्ट्यांचा एक संच, वॉशरसह चार-सहा नोझल, सक्शन गाळणीची एक जाळी, तीन मीटर प्रेशर होज आणि सहा क्लॅम्प, एक प्रेशर गेज, एक लिटर गिअर ऑइल. ट्रॅक्टरसाठी फॅन बेल्ट, दोन डिझेल फिल्टर आणि फ्यूज.

रबरी वस्तू उन्हात आणि खताच्या गोण्यांजवळ ठेवू नका, वापरण्याआधीच तडकतात. पूर्ण गिअरबॉक्स किंवा पंखा घरात आणून ठेवणं एका बागायतदाराला परवडत नाही. शाफ्टसारखी वस्तू नाशिकमधल्या सातपूर किंवा अंबडच्या वर्कशॉपमधून करून घेता येते, फक्त जुन्या शाफ्टची मापं आधीच काढून ठेवा. तुटल्यावर मापं काढायला तुकडे जुळवत बसावं लागतं.

ब्लोअर ओढणाऱ्या ट्रॅक्टरची वेगळी काळजी घ्यावी लागते का?

लागते. वेलींच्या मांडवाखाली वारा कमी, पंख्याचा भार सतत, आणि औषधाचं धुकं रेडिएटरवर बसतं. जाळीत पानांचा कचरा आणि गंधकाचा थर जमून इंजिन तापतं. फवारणीच्या दिवशी रोज जाळी झटका आणि इंजिन थंड झाल्यावर आतून बाहेरच्या दिशेने कमी दाबाच्या पाण्याने धुवा. मोठ्या दाबाने धुतलं तर पत्र्या वाकतात.

इंजिन ऑइल साधारण २५० तासांनी बदलायचं असतं, मात्र आपल्या मॉडेलचं पुस्तक काय म्हणतं तेच खरं. लहान बागेत वर्षाला तेवढे तास भरतच नाहीत. म्हणून तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा, छाटणीआधी, तेल बदला.

निफाड परिसरातली डिसेंबर-जानेवारीची थंडी बॅटरीची परीक्षा घेते. तीन-चार वर्षांची बॅटरी उन्हाळ्यात सुरळीत चालते आणि पहाटे फवारणीला निघताना दगा देते. टर्मिनलवरची हिरवी-पांढरी पूड गरम पाण्याने धुऊन त्यावर व्हॅसलीन लावा.

घरात दोन ट्रॅक्टर असतील तर भरवशाचा ब्लोअरला जोडा, जुना ट्रॉलीला. ट्रॉली अर्धा दिवस उभी राहिली तर पाचशे-हजाराचं नुकसान, ब्लोअर उभा राहिला तर वर काढलेला हिशेब.

जुना ब्लोअर अजून एक वर्ष चालवावा की नवा घ्यावा, हे कसं ठरवायचं?

पुढच्या एका वर्षात जुना ठेवण्याचा खर्च काढा आणि नव्याच्या आयुष्यभराच्या सरासरी वार्षिक खर्चाशी तो ताडून पाहा.

जुना: आज विकला तर ५०,००० येतील, वर्षाने ४०,०००. म्हणजे घट १०,०००. अडकलेल्या ५०,००० वर दहा टक्क्यांनी व्याज ५,०००. वर्षाची दुरुस्ती २८,०००. ऐन हंगामात उभा राहण्याची शक्यता ३० टक्के, तर ४०,००० च्या हिशेबाने १२,०००. एकूण ५५,०००.

नवा: किंमत २,००,०००, आठ वर्षांनी ४०,००० ला जाईल. वर्षाला घट २०,०००. सरासरी अडकलेल्या १,२०,००० वर व्याज १२,०००. दुरुस्ती सरासरी १२,०००. उभा राहण्याची शक्यता १० टक्के, म्हणजे ४,०००. एकूण ४८,०००.

इथे नवा घेणं वर्षाला सात हजारांनी स्वस्त पडतं. आता दोन्हींकडून बिघाडाचा खर्च वगळा. जुना ४३,००० वर येतो आणि नवा ४४,००० वर. निर्णय उलटला! बिघाडाच्या खर्चाकडे दुर्लक्ष करणारा माणूस जुन्यालाच चिकटून राहतो, आणि त्याची बेरीज त्याच्यापुरती बरोबरच असते.

यातून आणखी एक गोष्ट निघते. शेजारचा ब्लोअर दोन तासांत हमखास मिळणार असेल आणि खोळंब्याचा खर्च ४०,००० ऐवजी ८,००० वर येत असेल, तर जुना ४५,४०० आणि नवा ४४,८०० होतो. एवढ्या फरकासाठी दोन लाख काढायची घाई नको.

गेल्याच वर्षी जुन्यावर ४० हजार घातले. आता विकलं तर ते वाया जातील ना?

ब्लोअर विकला तरी ते गेले आणि ठेवला तरी गेले. हिशेबात त्यांचा उपयोग एवढाच: त्या कामामुळे पुढच्या वर्षीची दुरुस्ती किंवा बिघाडाची शक्यता कमी झाली असेल, तर ते वरच्या आकड्यांत दिसायला हवं. पंप नवा बसवला असेल तर ३० टक्क्यांच्या जागी २० धरा. तेवढ्यानेच चित्र बरंच बदलतं: जुना ५१,००० वर येतो आणि फरक तीन हजारांचा राहतो.

नवा घेतल्यावर जुना विकावा की ठेवावा?

विकून फार येत नसतील आणि तो दोन तासांच्या मेहनतीत चालू होत असेल, तर ठेवावा. मात्र एकट्याने नव्हे. चार शेजाऱ्यांनी मिळून एक जुना ब्लोअर राखीव ठेवला तर घट, व्याज आणि किरकोळ देखभाल मिळून वर्षाला १८-२० हजार धरले, तरी प्रत्येकी पाच हजारांच्या आत भागतं. चौघांचेही ब्लोअर एकाच दिवशी बंद पडण्याची शक्यता फार कमी असते.

राखीव ब्लोअर पंधरा दिवसांतून एकदा पाण्यावर चालवायलाच हवा. उभ्या पंपाचे व्हॉल्व्ह चिकटतात, सील सुकतात. आणि त्याचा शाफ्ट चौघांच्याही ट्रॅक्टरला बसतो का, हे आधी जोडून पाहा.

भाड्याने ब्लोअर मिळतो. मग एवढी काळजी कशाला?

कारण पाऊस सगळ्या गावावर एकाच दिवशी पडतो. भाड्याचा ब्लोअर एरवी सहज मिळतो आणि नेमका पावसानंतरच्या सकाळी मिळत नाही. भाड्यावर विसंबायचं असेल तर हंगामाआधी बोलणी करून थोडी आगाऊ रक्कम देऊन ठेवा, ती वाया गेली असं मानू नका. शिवाय आदल्या बागेत त्याच टाकीत काय मारलं होतं ते विचारा. तणनाशकाचा अंश राहिलेला ब्लोअर द्राक्षाला घातक आहे.

ड्रिपच्या पंपाची मोटर जळाली. रिवाइंडिंग करावं की नवी घ्यावी?

आधी जळाली का ते शोधा. एक फेज जाऊन उरलेल्या दोन फेजवर मोटर चालत राहिली असेल तर नवी मोटरही तशीच जळेल. सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि ओव्हरलोड रिले चालू आहेत का, ऑटो स्टार्टरने त्यांना वळसा घातला आहे का, ते पाहा. पहिलं रिवाइंडिंग चांगल्या कारागिराकडून केलं तर हरकत नाही. दोन-तीनदा भरलेली, बुश झिजलेली मोटर जास्त करंट ओढते, वीज खाते आणि पुन्हा जळते. तिथे थांबावं. उन्हाळ्यात विहीर-बोअर खाली गेल्यावर कोरडी चालण्याचाही धोका असतो, म्हणून ड्राय रनचं संरक्षण हवंच.

अनुदान मिळणार असेल तर थांबावं का?

राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणातून अर्ज करता येतो. पूर्वसंमती मिळण्याआधी यंत्र विकत घेतलं तर अनुदान हातचं जातं. पण थांबण्यालाही किंमत आहे. वरच्या उदाहरणात जुना एक वर्ष जास्त ठेवल्याने सात हजार जातात. अनुदान त्याहून बरंच मोठं असेल आणि पूर्वसंमती लवकरच मिळण्यासारखी असेल तर थांबणं योग्य. नुसता अर्ज केला असेल आणि बाग छाटणीला आली असेल, तर निदान डायफ्राम, क्रॉस आणि पट्टे बदलून हंगाम सुरक्षित करा.

विमा किंवा वॉरंटी यातून खोळंबा भरून निघतो का?

नाही. वॉरंटी पार्ट देते, गेलेला दिवस देत नाही. ट्रॅक्टरचा विमा अपघात आणि चोरीसाठी असतो, झीज आणि यांत्रिक बिघाड त्यात येत नाहीत. हवामानावर आधारित फळपीक विमा पाऊस, तापमान अशा निकषांवर चालतो, ब्लोअर बंद होता हे त्याला दिसत नाही. म्हणून खरेदी करताना वॉरंटीच्या वर्षांपेक्षा विक्रेत्याला हे विचारा: नोव्हेंबरमध्ये मिस्त्री किती तासांत येईल, डायफ्राम आणि व्हॉल्व्ह दुकानात आत्ता आहेत का? दाखवायला सांगा.

वहीत काय लिहावं?

तारीख, ट्रॅक्टरच्या मीटरवरचे तास, काय बिघडलं, कोणता पार्ट किती रुपयांना बदलला, काम किती तास थांबलं आणि प्लॉट छाटणीनंतर कितव्या दिवशी होता. शेवटचे दोन रकाने कुणी लिहीत नाही, पण ३० टक्के धरायचे की १० हे त्यांच्यावरूनच कळतं. दोन हंगामांच्या नोंदी झाल्या की आपला क्रॉस किती तास टिकतो ते कळतं आणि पुढच्या वेळी तो त्याआधीच बदलता येतो.

जुना ब्लोअर विकत घेताना काय पाहावं?

रंगाकडे पाहू नका, ताज्या रंगाखाली वेल्डिंगचे सांधे लपतात. चेसिस आणि हिचच्या कोपऱ्यांत गंज आणि भेगा शोधा. एचटीपीचं तेल स्वतः उघडून पाहा, नुकतंच बदललेलं चकचकीत असेल तर अर्धा तास चालवून पुन्हा पाहा. दाब पूर्ण चढवून रिटर्नचं (टाकीत परत येणारं) पाणी बघा. सगळे नोझल चालू असताना रिटर्न जवळपास थांबला आणि तरी दाब टिकत नसेल, तर पंप झिजला आहे. पंखा पूर्ण वेगात असताना टाकीवर हात ठेवा, थरथर जाणवली तर पाती किंवा बेअरिंग गेलं आहे. मग पंप, बेअरिंग आणि शाफ्ट यांचा नवा खर्च मागितलेल्या किमतीत मिळवा. ती बेरीज नव्या ब्लोअरच्या दोन-तृतीयांशाच्या पुढे गेली तर सौदा सोडा.